अभ्यासदौऱ्यातला एक दिवस : सकाळी झोपडवस्ती, दुपारी द्राक्षमळा

दूरदेशी

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागाचा अभ्यासदौरा यंदा केप टाउनला जाणार आहे आणि त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. प्रवाससंस्थेने पाठवलेल्या आराखड्यात एका दिवसाचे वेळापत्रक असे आहे : सकाळी कृष्णवर्णीयांसाठी वसवलेल्या लांगा या वस्तीत दोन तासांचा फेरफटका, दुपारी कॉन्स्टॅन्शियाच्या द्राक्षमळ्यात भोजन, सूर्यास्ताला टेबल माउंटन. वेळापत्रक करणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. शहराच्या दोन्ही बाजू एकाच दिवसात दाखवाव्यात, एवढाच त्याचा विचार असेल. मी मात्र त्या दोन ओळींमधल्या स्वल्पविरामाशी अडून बसले आहे.

आधीच्या दौऱ्यांवरून परतलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी वाचल्या आहेत. देश कोणताही असो, त्यांत तीन वाक्ये हमखास सापडतात : ‘इतक्या कमी साधनांतही ही माणसे किती आनंदी आहेत’, ‘आपण किती भाग्यवान आहोत हे कळले’ आणि ‘आपल्या अडचणी किती क्षुल्लक आहेत’. मुले प्रामाणिकपणेच लिहितात. परंतु या तिन्ही वाक्यांचा विषय अखेरीस पाहणारा स्वतःच असतो. पहिले वाक्यही त्याला अपवाद नाही, कारण दोन तासांपुरत्या भेटलेल्या माणसाचे हसू हा त्याचा आनंद आहे की पाहुण्याशी वागण्याची रीत आहे, हे पाहायला कोणी थांबलेले नसते. ‘हे असे का आहे?’ असे विचारणारे वाक्य मला क्वचितच सापडले.

केप टाउनमध्ये या प्रश्नाचे बरेचसे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. कोणत्या वंशाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहायचे, हे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने केलेल्या १९५० च्या ग्रुप एरियाज ॲक्टने ठरवून दिले. शहराच्या मध्यभागाला लागून असलेली डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केवळ गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या ६०,००० हून अधिक लोकांना केप फ्लॅट्स या वाळूच्या सखल पट्ट्यात हलवण्यात आले. विमानतळावरून शहरात येताना महामार्गाच्या कडेला पत्र्याची घरे दिसतात आणि थोड्याच वेळात डोंगरउतारावरचे बंगले दिसू लागतात. त्या दोहोंमधले अंतर कोणी आखले, हे बसच्या खिडकीतून कळण्यासारखे नाही.

म्हणून विचारते : लांगाची फेरी ठेवावी, की गाळावी? आणि ठेवली, तर मुलांनी तिथे नेमके काय करावे?

नकाशाप्रेमी

आपण प्रश्न लांगाबद्दल विचारला आहे. मला खरी अडचण द्राक्षमळ्याची वाटते. झोपडवस्तीत जाताना विद्यार्थ्याच्या हाती वही असते, सोबत मार्गदर्शक असतो आणि परतल्यावर निबंध लिहायचा असतो. मळ्यात पोहोचल्यावर मात्र वही मिटते, कारण वेळापत्रकात तिथे ‘विश्रांती’ लिहिलेली असते. गरिबी हा अभ्यासाचा विषय आणि चैन ही अभ्यासानंतरची सुट्टी, अशी ही विभागणी आहे. माझ्या मते तीच सर्वांत आधी मोडली पाहिजे.

कॉन्स्टॅन्शियाचेच घ्या. डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधील अधिकारी सायमन व्हॅन डर स्टेल याला १६८५ मध्ये ही जमीन मिळाली. तिथली आणि आसपासच्या वसाहतीतली शेती उभी राहिली ती पूर्व आफ्रिका, मादागास्कर, भारत आणि इंडोनेशियाची बेटे येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. गुलामगिरी संपल्यावरही पश्चिम केपच्या मळ्यांत मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपाने देण्याची पद्धत राहिली. ‘डॉप’ या नावाने ती ओळखली जात असे आणि कायद्याने बंदी आल्यानंतरही ती बराच काळ रेंगाळली. मजुरांच्या पिढ्यांमध्ये दारूचे व्यसन आणि गर्भावस्थेत मद्याचा परिणाम झालेली मुले, हा तिचा वारसा. शिवाय आपण उल्लेख केलेला ग्रुप एरियाज ॲक्ट कॉन्स्टॅन्शियालाही लागू झाला होता आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला व फुले पिकवणाऱ्या कुटुंबांनाही जावे लागले. म्हणजे आपल्या आराखड्यातील सकाळ आणि दुपार या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. ती गोष्ट मुलांना मळ्यातही वाचता आली पाहिजे.

ब्राझीलमधील साओ पाउलोचे एक छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. २००४ मध्ये टुका व्हिएरा यांनी ते टिपले. एका बाजूला पाराइसोपोलिस ही दाट वस्ती, मध्ये एक भिंत आणि पलीकडे प्रत्येक मजल्याच्या गच्चीत स्वतंत्र पोहण्याचा तलाव असलेली मोरुम्बी या श्रीमंत भागातील इमारत. जगभरच्या वर्गांत हे छायाचित्र दाखवले जाते आणि पाहणारा भिंतीपाशीच थांबतो. भिंत ओलांडून रोज सकाळी कोण जाते, घरकामाला, पहाऱ्याला, बांधकामाला कोण जाते, हे स्थिर चित्रात येत नाही. ही दोन जगे परकी नाहीत; ती एकमेकांना रोज ओळखतात, फक्त एक कामाला येते आणि पगार दुसऱ्याच्या हातात असतो.

तिरका प्रश्न

सर्व मान्य, परंतु वीस वर्षांच्या मुलांवर आपण किती ओझे टाकणार आहोत? आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या देशात पाऊल ठेवणाऱ्याला आधी हेलावू द्यावे, रडू द्यावे, वाटल्यास ते भाबडे वाक्यही लिहू द्यावे. विचार मागाहून येतो. ज्याला काहीच वाटले नाही, तो पुढे कायदे वाचायला जाणार नाही.

जुनी पाने

‘तिरका प्रश्न’ यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

श्रीमंतांनी गरिबांची वस्ती पाहायला जाणे हा प्रकार विमानप्रवासाच्या कितीतरी आधीचा आहे. १८८० च्या दशकात लंडनमधील उच्चभ्रू मंडळी संध्याकाळी ईस्ट एंडच्या गल्ल्या पाहायला जात आणि हीच हौस न्यूयॉर्कमध्येही पोहोचली. परंतु त्याच दशकात, १८८४ मध्ये, सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने व्हाइटचॅपल भागात टॉयन्बी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तरुणांनी तिथे यावे, पण पाहून परत जाऊ नये, शेजारी म्हणून राहावे, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे तिथे विल्यम बेव्हरिज यांनी काम केले. त्यांच्याच १९४२ च्या अहवालावर ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेची रचना उभी राहिली. क्लेमंट ॲटली यांनीही काही काळ तिथे काम केले आणि १९४५ नंतर पंतप्रधान म्हणून ती रचना त्यांच्याच सरकारने प्रत्यक्षात आणली. अमेरिकेच्या समाजसेविका जेन ॲडम्स टॉयन्बी हॉल पाहून परतल्या आणि १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार यांच्यासह त्यांनी शिकागोत हल हाऊस हे तसेच केंद्र उघडले.

तेव्हा पाहण्यातून काहीच निष्पन्न होत नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. ही माणसे महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे तिथे राहिली. आणि ज्या समाजाची गरिबी त्यांनी पाहिली, त्याच समाजाचे कायदे बदलण्याचा अधिकार त्यांना होता. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याकडे यांपैकी पहिली गोष्ट क्वचित असते आणि दुसरी बहुधा नसतेच. त्यामुळे त्याचे हेलावणे मोकळे राहते, त्याला जायला जागा मिळत नाही, आणि मग ते छायाचित्रांत किंवा एखाद्या देणगीत संपते.

उंबरठा

ते हेलावणे देणगीपेक्षा वाईट गोष्टीतही संपते. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे विचारवंत इव्हान इलिच यांच्यासमोर अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवक बसले होते. मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळ्यात सेवाकार्य करण्यासाठी ते जाणार होते. इलिच यांनी त्यांना तोंडावर सांगितले की, पाहायला या, डोंगर चढा, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्यांची भाषा तुम्हांला येत नाही, त्यांना तुमची मदत नको असेल, तर ते तुम्हांला कळणारसुद्धा नाही. काम करायचेच असेल, तर जे तुम्हांला समजेल अशा शब्दांत ‘चालते व्हा’ म्हणू शकतील, अशा लोकांमध्ये करा.

ते ऐकायला कठोर वाटते. कंबोडियात पुढे जे घडले, ते पाहिल्यावर तितके वाटत नाही. अंगकोरची मंदिरे पाहायला सिएम रीपला येणाऱ्या पर्यटकांसाठी आलिशान हॉटेले उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर आजूबाजूला अनाथालयेही वाढली. युनिसेफच्या माहितीनुसार २००५ नंतरच्या पाच वर्षांत त्या देशातील अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतील दर चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील, किमान एक जण, हयात होते. म्हणजे आधी अनाथ मुले होती आणि मग मदत आली, असा क्रम नव्हता. पर्यटक आणि हंगामी स्वयंसेवक पैसे घेऊन येत होते, म्हणून गरीब घरांतील मुले संस्थांमध्ये आणली जात होती. संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्यांनी नाचावे, हाही काही ठिकाणच्या कार्यक्रमाचा भाग होता. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या संदर्भात अशा प्रकारे मुले संस्थांत आणण्याला शोषणाचा प्रकार म्हणून मान्यता दिली. हेलावलेला विद्यार्थी हा या व्यवहारातला ग्राहक होता आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हते.

म्हणून आराखड्यात शाळेत जाऊन वह्या वाटणे, मुलांसोबत खेळणे, अनाथालयाला भेट, असे काहीही असेल, तर ते बिनदिक्कत काढून टाकावे.

तिरका प्रश्न

मदत करू नका, हेलावू नका, छायाचित्र काढू नका. मग विमानाचे तिकीट कशासाठी काढायचे? आपण सगळे मिळून मुलांना एक गोष्ट शिकवतो आहोत, ती म्हणजे अवघडून उभे राहणे. आणि त्या वस्तीतल्या मार्गदर्शकाचे काय? त्याने पाहुण्यांच्या भरवशावर व्यवसाय उभा केला आहे. आपल्या नैतिक शुद्धतेसाठी त्याचे गिऱ्हाईक तोडायचे का?

खलाशी

अवघडून उभे राहू नये, या मताशी मी सहमत आहे. मी बराच काळ प्रवासी जहाजांवर नोकरी केली आहे, तेव्हा वर नकाशाप्रेमी यांनी मांडलेला मुद्दा, म्हणजे चैनीचाही अभ्यास व्हावा हा, माझ्या बाजूने पुढे नेतो.

विद्यार्थ्यांना जहाजातून जगाची फेरी घडवण्याची कल्पना जुनी आहे. १९२६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या पुढाकाराने ‘रिंडाम’ हे जहाज सुमारे ५०० विद्यार्थ्यांना घेऊन निघाले होते. १९६० च्या दशकात सुरू झालेला तसाच एक कार्यक्रम आजही चालू आहे आणि त्याचे सध्याचे जहाज पूर्वी ‘डॉइचलँड’ नावाचे जर्मन चैनीचे जहाज होते. बंदरात उतरायचे, दिवसभर वस्त्या, बाजार आणि स्मारके पाहायची, आणि रात्री वातानुकूलित खोलीत परतून त्यावर चर्चा करायची, अशी ही व्यवस्था आहे. तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मला फक्त एवढेच खटकते की दोन जगांमधली दरी पाहायला विद्यार्थी जहाजातून उतरतो. ती त्याच्या खोलीखालीही दोन मजल्यांवर असते.

जगभरच्या प्रवासी जहाजांवर खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, कपडे धुणारे बहुतेक कामगार फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून येतात. करार कित्येक महिन्यांचे असतात आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी हा प्रकार सहसा नसतो. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये लागू झाला. त्याच्या विश्रांतीच्या निकषानुसार कामगाराला २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. याचा दुसऱ्या बाजूने हिशेब केला, तर आठवड्याला ९१ तासांपर्यंतचे काम या निकषात बसते. हा आकडा सांगितल्यावर माणसांचे चेहरे बदलतात, कारण तोपर्यंत स्वच्छ चादर ही त्यांच्या लेखी आपोआप घडणारी गोष्ट असते.

मार्गदर्शकाच्या रोजगाराचा मुद्दा योग्य आहे. त्याचे गिऱ्हाईक तोडण्याचे कारण नाही. वस्तीतच राहणाऱ्या मार्गदर्शकाशी शक्यतो थेट बोलणी करावीत, आणि मधल्या संस्थेमार्फतच जायचे असेल, तर आपण भरलेल्या रकमेतील किती भाग त्याच्यापर्यंत पोहोचतो, हे लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेही उत्तर समजावे.

नकाशाप्रेमी

जाता जाता एक सावधगिरी, आकड्यांबद्दल. नैरोबीतील किबेरा ही वस्ती एका गोल्फच्या मैदानाला खेटून आहे, त्यामुळे तीही अशा दौऱ्यांची आवडती. तिथे दहा लाख लोक राहतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत ही संख्या सुमारे १,७०,००० भरली. जनगणनेवरही आक्षेप घेतले गेले, तरी तफावत लहान म्हणता येणार नाही. मोठा आकडा देणगी मागणाऱ्याला, फेरी विकणाऱ्याला आणि घरी जाऊन सांगणाऱ्याला, सगळ्यांनाच सोयीचा असतो. विद्यार्थ्यांनी ऐकलेला प्रत्येक आकडा कोणाकडून ऐकला, ते वहीत त्याच्याशेजारी लिहावे.

दूरदेशी

सर्वांचे आभार. आराखडा पुन्हा मांडला आहे, तो असा.

पहिल्या दिवशी डिस्ट्रिक्ट सिक्सचे संग्रहालय, कारण तिथे हलवल्या गेलेल्या रहिवाशांनी स्वतः आपल्या घरांच्या जागा जमिनीवरच्या नकाशावर नोंदवल्या आहेत. लांगाची फेरी ठेवली आहे, परंतु तिचा विषय गरिबी नाही. विषय आहे ३० मार्च १९६०. त्या दिवशी कृष्णवर्णीयांना सतत ओळख-परवाना बाळगायला लावणाऱ्या पास कायद्यांच्या विरोधात लांगा आणि न्यांगा या वस्त्यांतून सुमारे ३०,००० लोक शहराच्या मध्यभागापर्यंत चालत गेले. त्यांच्या अग्रभागी असलेला फिलिप क्गोसाना हा केप टाउन विद्यापीठाचा २३ वर्षांचा विद्यार्थी होता. अटकेतील नेत्यांना सोडावे, अशी त्यांची मागणी होती. मंत्र्यांची भेट मिळेल, या आश्वासनावर त्याने जमाव शांतपणे माघारी नेला आणि भेटीसाठी परत आल्यावर त्यालाच अटक झाली. मोर्चा ज्या मार्गाने शहरात उतरला, त्या डी वाल ड्राइव्हला २०१७ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. आमच्या मुलांच्याच वयाचा एक विद्यार्थी त्या वस्तीतून शहराकडे आला होता, एवढे कळले तरी ती वस्ती केवळ कीव करण्याची जागा राहणार नाही, असे मला वाटते. (‘तिरका प्रश्न’, मुले इथे हेलावली, तर मी अडवणार नाही.)

द्राक्षमळाही ठेवला आहे, मात्र वहीसह. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्नावली असेल : जमीन कोणाच्या नावे आहे आणि आधी कोणाकडे होती, पाणी कोठून येते, काम करणारे कोठून आणि किती वेळ प्रवास करून येतात. पाण्याचा प्रश्न मुद्दाम घेतला आहे. २०१८ च्या दुष्काळात या शहराने प्रत्येक माणसामागे दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली होती आणि सुखवस्तू लोक न्यूलँड्सच्या झऱ्यावर कॅन घेऊन रांगेत उभे राहिले. जगभर त्याची बातमी झाली. अनौपचारिक वस्त्यांतील लोक त्याआधीपासून सार्वजनिक नळावरून पाणी भरत होते आणि दुष्काळ संपल्यावरही भरत राहिले; त्याची बातमी तशी झाली नाही.

तिरका प्रश्न

हे मला पटले, आता हट्ट सोडतो. एक व्यावहारिक शंका मात्र उरते. मळ्याचे व्यवस्थापन अशी प्रश्नावली चालू देईल का? आणि वाढपी किंवा मजूर तुमच्या मुलांना खरे उत्तर का देतील?

खलाशी

कामाच्या वेळी विचारू नये, हे पहिले पथ्य. मुकादम दहा पावलांवर उभा असताना परक्या विद्यार्थ्याने पगार विचारला, तर अडचणीत विद्यार्थी येत नाही, कामगार येतो. व्यवस्थापनाकडून जमीन आणि पाणी यांची माहिती घ्यावी. ती सांगायला त्यांना संकोच नसतो, बऱ्याचदा अभिमानच असतो.

मजुरीसाठी सार्वजनिक नोंदी पुरेशा आहेत. २०१२ च्या अखेरीस पश्चिम केपमधील डी डोर्न्स भागात द्राक्षमळ्यांच्या मजुरांनी संप केला, तेव्हा किमान रोजंदारी ६९ रँड (दक्षिण आफ्रिकेचे चलन) होती आणि मागणी १५० रँडची होती. पुढच्या वर्षी किमान रोजंदारी १०५ रँड झाली. १ जानेवारी २०१९ पासून देशभर ताशी २० रँडचे किमान वेतन लागू झाले, पण शेतमजुरांसाठी ते १८ रँडच ठेवले होते आणि २०२१ मध्ये दोन्ही दर समान झाले. मुलांनी निघण्यापूर्वी चालू वर्षाचा दर शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि मळ्यातल्या भोजनाचे बिल आले की त्याला त्या दराने भागावे. शेतमजुरांच्या संघटनेचा एखादा कार्यकर्ता संध्याकाळी तासभर बोलायला तयार झाला, तर टेबल माउंटन दुसऱ्या दिवशीवर ढकलावा. वारा सुटला की तिथला रोपवे तसाही बंद असतो.